थेंब खाली, गळती वर : मोटारीच्या इंजिनातील तेलगळतीचे निदान आणि दुरुस्ती

अकोल्याच्या जठारपेठेतील एखादी कौटुंबिक मोटार वर्षातील बहुतेक दिवस शाळा, भाजीबाजार, दवाखाना अशा दोन-तीन किलोमीटरांच्या फेऱ्या करते, महिन्या-दोन महिन्यांतून शेगावला किंवा अमरावतीला जाऊन येते आणि उरलेला वेळ घरासमोरच्या उन्हात उभी राहते. तेल इंजिनाच्या आत राखण्याच्या दृष्टीने हा दिनक्रम चांगलाच गैरसोयीचा आहे. जवळच्या फेरीत तेल पुरेसे तापतच नाही, त्यामुळे ज्वलनातून निर्माण होणारी पाण्याची वाफ आणि न जळलेले इंधन तेलातून उडून न जाता त्यातच मिसळत राहते व कालांतराने काळा, चिकट गाळ तयार होतो. याउलट मे महिन्यात, पारा 44-45 अंशांवर असताना, अमरावतीहून परतलेली गाडी बंद केली की समोरून येणारा वारा आणि पंखा दोन्ही थांबतात, आणि बोनटखालची हवा काही काळ चालत्या गाडीतल्यापेक्षाही अधिक तापते. रबर उष्णतेने कडक होते, आणि तापमान दर 10 अंशांनी वाढले की या झिजेचा वेग साधारण दुप्पट होतो, असा रसायनशास्त्रातील ढोबळ नियम आहे. त्यामुळे वऱ्हाडातील सात-आठ वर्षांच्या गाडीखाली तेलाचा डाग दिसला तर नवल नाही. मात्र तो डाग पाहून जो भाग बदलला जातो, तो पुष्कळदा गळणारा भाग नसतो, आणि महिन्याभरात फरशीवर डाग पुन्हा उमटतो. म्हणूनच प्रस्तुत लेखात दुरुस्तीपेक्षा निदानाला अधिक जागा दिली आहे.

इंजिन तीन-चार मोठ्या तुकड्यांचे बनलेले असते : मध्ये ब्लॉक म्हणजे सिलिंडरांचा मुख्य साचा, त्यावर झडपा बसवलेले हेड, हेडवर झाकण म्हणून टॅपेट कव्हर आणि सर्वांत खाली तेल साठवणारे भांडे, ज्याला गॅरेजच्या भाषेत चेंबर म्हणतात. लहान मोटारीत सुमारे 3 लिटर तेल असते. पंप ते चेंबरमधून खेचतो, फिल्टरमधून गाळून फिरणाऱ्या भागांना पुरवतो आणि काम झाल्यावर ते वरून ओघळत पुन्हा खाली येते. दोन स्थिर भागांच्या सांध्यात दाबून बसवलेल्या पट्टीला गॅस्केट म्हणतात, मिस्त्री तिला पॅकिंग म्हणतो. फिरता दांडा स्थिर भिंतीतून बाहेर येतो तिथे रबरी ओठ असलेले गोल कडे बसवतात, ते ऑइल सील. आणि खाचेत बसणारी साधी रबरी कडी म्हणजे ओ-रिंग. गळती बहुधा या तिन्हींपैकी एकातून होते. रस्त्यावरचा दगड लागून चेंबर फुटणे हा प्रकार वेगळा, आणि तो ओळखायला कोणतेही शास्त्र लागत नाही.

पहिला प्रश्न असा की खाली पडलेला द्रव इंजिनचे तेलच आहे काय. उन्हाळ्यात गाडीखाली दिसणारे ओले बहुतेक वेळा एसीचे पाणी असते. ते बिनरंगी, बिनवासाचे असते आणि अकोल्याच्या उन्हात पाहता पाहता वाळून जाते. कूलंट हिरवे, गुलाबी किंवा निळे असते व त्याला गोडसर वास येतो. ब्रेकचे तेल फिकट व बुळबुळीत असून रंगावर पडल्यास रंग उचलते, आणि चाकाच्या आतल्या बाजूला असे ओघळ दिसले तर लेख बाजूला ठेवून गाडी जागेवरच उभी करावी. गिअरचे तेल दाट असते आणि त्याला गंधकाचा उग्र वास येतो. इंजिनचे तेल नवे असताना मधाच्या रंगाचे, वापरलेले तपकिरी ते काळे असते; डिझेल गाडीत ते बदलल्यानंतर अल्पावधीतच काळे होते, म्हणून केवळ काळेपणावरून ते खराब ठरवू नये. रात्री गाडीखाली मोठा पांढरा पुठ्ठा पसरून त्यावर पुढच्या दोन्ही चाकांच्या जागा पेन्सिलीने आखून ठेवल्या, तर सकाळी थेंबाचा रंग, संख्या आणि जागा या तिन्ही गोष्टी एकदम हाती लागतात.

दुसरा प्रश्न प्रमाणाचा. तेलाचा थेंब फरशीवर पसरतो तेव्हा तो आहे त्यापेक्षा पुष्कळ मोठा वाटतो, आणि या दृष्टिभ्रमावर अनेक अनावश्यक दुरुस्त्या पोसल्या गेल्या आहेत. साधारण 20 थेंबांचा 1 मिलिलिटर होतो असे धरले, तर रात्रभरात 10 थेंब म्हणजे अर्धा मिलिलिटर, महिन्याला 15 मिलिलिटर; इतक्याने इंजिनला काहीही होत नाही. मात्र दर मिनिटाला एक थेंब ही गती दिवसाला 72 मिलिलिटरची आहे, म्हणजे दोन आठवड्यांत लिटरभर. शिवाय चालत्या इंजिनात तेल तापून पातळ झालेले व दाबाखाली असते, त्यामुळे उभ्या गाडीखालचे थेंब हा पूर्ण हिशेब नव्हे. खरे माप डिपस्टिकचेच. गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद केल्यावर काही मिनिटे थांबून, काडी एकदा पुसून पुन्हा बुडवून पाहावी. बहुतेक लहान मोटारींत वरच्या व खालच्या खुणेत सुमारे लिटरभराचे अंतर असते. दर रविवारी ही पातळी व किलोमीटर वहीत टिपून ठेवणाऱ्या मालकाला महिन्याभरात कळते की तेल किती जाते. फरशी कोरडी असूनही पातळी उतरत असेल आणि सकाळी किंवा चढणीनंतर नळकांड्यातून निळसर धूर निघत असेल, तर तेल गळत नसून आत जळत आहे, आणि तो आजार पिस्टनच्या रिंगांचा किंवा झडपांच्या सीलांचा आहे.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. डॅशबोर्डवरचा लाल तेलदिवा बहुतेक गाड्यांत तेलाची पातळी नव्हे, दाब दाखवतो. पंपाला तेल पुरेनासे झाले की तो लागतो, आणि तोपर्यंत बेअरिंगांना इजा सुरू झालेली असू शकते. "दिवा लागला की तेल टाकू" हे धोरण म्हणूनच महाग पडते. चालत्या गाडीत हा दिवा लागला तर पुढचा पेट्रोल पंप गाठण्याचा मोह टाळून इंजिन तिथेच बंद करावे.

आता मुख्य विषय. तेल वरून खाली ओघळते आणि धावत्या गाडीत वाऱ्यामुळे मागेही ढकलले जाते, म्हणून थेंब ज्या ठिकाणाहून पडतो ते बहुधा गळतीचे शेवटचे ठिकाण असते. मूळ शोधायचे तर इंजिनवरील सर्वांत वरचा आणि सर्वांत पुढचा ओला बिंदू शोधावा लागतो, आणि मळलेल्या इंजिनवर तो दिसत नाही. वऱ्हाडातल्या काळ्या मातीची बारीक धूळ तेलावर चिकटून तिचा जाड थर बसतो. हा थर एका अर्थाने उपकारक, कारण जिथे तो दाट व ओला तिथून तेल गेले हे नक्की, परंतु कधी गेले ते तो सांगत नाही. दोन वर्षांपूर्वी बंद केलेल्या गळतीचा मळ आणि आजच्या गळतीचा मळ सारखाच दिसतो. तेव्हा आधी धुणे, मग पाहणे.

धुण्यासाठी इंजिन पूर्ण थंड असावे. जनित्र, इग्निशन कॉइल, वायरींचे जोड आणि हवेचा फिल्टर प्लास्टिकने झाकून, थोड्या डिझेलमध्ये बुडवलेल्या ब्रशने मळ सैल करावा व चिंध्यांनी पुसून काढावा. ज्या शहराला काटेपूर्णा नदीवरच्या महान येथील धरणातून पाणी येते आणि नळ रोज येईलच याची शाश्वती नसते, तिथे ब्रश-चिंधीची ही पद्धत पाण्याच्या जोरदार फवाऱ्यापेक्षा सोयीची तर आहेच, पण वायरींच्या दृष्टीने सुरक्षितही आहे. डिझेलचा अंश पूर्ण पुसून व वाळवून मगच इंजिन चालू करावे. त्यानंतर संशयित सांध्यांच्या खाली टाल्कम पावडर भुरभुरावी, गाडी दहा-पंधरा मिनिटे जागेवर चालू ठेवून पाहावे, आणि काही न दिसल्यास वीस-तीस किलोमीटर चालवून आणावे. काही गळत्या दाब आणि वेग वाढल्याशिवाय प्रकटच होत नाहीत. राष्ट्रीय महामार्ग 53 त्यासाठी उत्तम आहे. जून 2022 मध्ये अमरावती व अकोला जिल्ह्यांत लोणी ते माना या टप्प्यात 105 तास 33 मिनिटांत सलग 75 किलोमीटर डांबरी मार्गिका टाकून ज्या रस्त्याने गिनीज विक्रम केला, तोच हा रस्ता. परतल्यावर पांढऱ्या पावडरीवर तेलाची रेघ जिथून सुरू होते, तिथे गळती आहे. हेड आणि ब्लॉक यांच्या मागच्या बाजूस नजर पोचत नाही, तिथे लांब दांड्याचा लहान आरसा किंवा मोबाइलचा कॅमेरा चालतो. एवढ्यानेही उलगडा झाला नाही, तर तेलात मिसळायचा चमकणारा रंग मिळतो. तो टाकून गाडी एक-दोन दिवस वापरली व अंधारात अतिनील टॉर्चने पाहिले की गळतीची वाट पिवळ्या-हिरव्या रेषेत उजळते.

गाडीखाली जाऊन पाहायचे असल्यास केवळ जॅकच्या भरवशावर कधीही शिरू नये. मागच्या चाकांना विटा लावाव्यात, गाडी घोडीवर, म्हणजे जॅक स्टँडवर, टेकवावी, आणि अंगण काळ्या मातीचे असेल तर जॅक व घोडी या दोन्हींखाली जाड फळी द्यावी, कारण ही माती वरून टणक दिसली तरी भाराखाली दबते.

गळतीची जागा सापडली म्हणजे कारण सापडले असे नव्हे. पिस्टन आणि सिलिंडर यांच्या फटीतून ज्वलनाचा थोडा वायू नेहमीच खाली चेंबरमध्ये येतो. तो बाहेर काढून पुन्हा इंजिनच्या हवेच्या मार्गात सोडण्यासाठी एक नळी आणि बहुतेक पेट्रोल गाड्यांत एक लहान एकदिशा झडप असते, तिला पीसीव्ही व्हॉल्व्ह म्हणतात. सुरुवातीला सांगितलेला गाळ नेमका इथेच अडकतो. नळी तुंबली की वायूला वाट उरत नाही, आत दाब साठतो आणि तो जो सांधा सर्वांत दुबळा असेल तिथून तेल बाहेर ढकलतो. अशा इंजिनचे एक सील बदलले की दाब दुसरे सील शोधतो; मालकाला वाटते मिस्त्रीने काम वाईट केले, मिस्त्रीला वाटते सील बनावट होते, आणि दोघांचाही अंदाज चुकलेला असतो. तपासणी सोपी आहे. इंजिन मंद गतीवर असताना तेल भरण्याचे झाकण हळूच सैल करून तोंडावर पातळ कागद धरावा. कागद किंचित ओढला गेला किंवा जागच्या जागी राहिला तर दाब ठीक, आणि तो उडू लागला किंवा झाकण थडथडू लागले तर नळी व झडप काढून साफ करावी. जुनी झडप हलवल्यावर आतली गोळी खुळखुळत नसेल तर ती बदलून टाकावी, किंमत फार नसते. झडप नवी असूनही वायू जोराने येत असेल तर रिंगा झिजल्या आहेत, आणि अशा गाडीत सीलांवर पैसा घालण्याआधी कॉम्प्रेशनची तपासणी करून घ्यावी. ही पायरी गॅरेजमध्ये वारंवार वगळली जाते. सर्व निदानात जर एकच गोष्ट करण्याइतका वेळ असेल, तर ती हीच असावी.

टॅपेट कव्हरची पॅकिंग ही सर्वांत सामान्य आणि घरच्या घरी दुरुस्त होण्यासारखी गळती आहे. ती इंजिनच्या सर्वांत वर असल्याने तिचे तेल सगळ्या अंगावरून ओघळते आणि खालच्या प्रत्येक भागावर संशय आणते. हे तेल धुराच्या तप्त नळकांड्यावर पडले तर जळका वास एसीच्या हवेतून आत येतो. आगीचाही धोका असल्याने ही एक गळती, थेंब कितीही थोडे असोत, लांबणीवर टाकू नये. काही इंजिनांत ठिणगीच्या प्लगांच्या विहिरींना स्वतंत्र रबरी कड्या असतात. प्लग काढताना त्याच्या टोकाला तेल लागलेले दिसले तर त्या कड्या गेल्या असे समजावे व त्या पॅकिंगसोबतच बदलाव्यात.

कव्हर काढल्यावर जुनी पॅकिंग खाचेतून उचलताना तिचे वय हातालाच कळते : मूळची गोलाई जाऊन तिचा छेद चपटा चौकोनी झालेला असतो, आणि दुमडून पाहिली तर ती वाळलेल्या कुरडईसारखी कडकन तुटते. खाच व हेडचा पृष्ठभाग कोरड्या, सुती कपड्याने पुसावा. अॅल्युमिनियमवर पोलादी खरवडणी चालवू नये, कारण एक चरा नव्या गळतीला पुरतो. नवी पॅकिंग खाचेत सर्वत्र सारखी बसवून, कव्हर सरळ खाली ठेवून, बोल्ट मधल्यापासून कडेकडे आलटून-पालटून दोन फेऱ्यांत आवळावेत. येथे अनेकांचा हात चुकतो. हे बोल्ट लहान असतात आणि त्यांना साधारण 8 ते 10 न्यूटन-मीटर, म्हणजे मनगटाच्या हलक्या जोराइतकाच पीळ लागतो. गळती थांबत नाही म्हणून आणखी आवळले की कव्हर वाकते, हेडमधले आटे जातात आणि गळती वाढते. नेमका आकडा गाडीच्या दुरुस्तीपुस्तिकेत असतो, आणि टॉर्क पाना भाड्याने किंवा उसना मिळत असेल तर तोच वापरावा.

तेल बदलल्यानंतर लगेच सुरू झालेली गळती बहुतेक वेळा तेल बदलणाऱ्याची असते. चेंबरच्या नटाखालचा तांब्याचा किंवा अॅल्युमिनियमचा वॉशर दाबला जाऊन सांधा बंद करतो, म्हणून तो दरवेळी नवा हवा. फिल्टर बसवताना जुन्या फिल्टरची रबरी कडी इंजिनलाच चिकटून राहिली नाही ना, हे बोटाने चाचपून पाहावे. दोन कड्या एकावर एक बसल्या तर फिल्टर घट्ट वाटतो आणि हमरस्त्यावर तेलाची धार सुटते. नव्या कडीला तेलाचे बोट लावून फिल्टर हाताने टेकेपर्यंत आणि मग साधारण पाऊण फेरा, इतकेच पुरे. तेलाच्या दाबाचा स्विच आतून झिरपू लागला तर त्याच्या वायरीच्या टोकात तेल दिसते. तो बदलणे अर्ध्या तासाचे काम आहे.

इंजिनच्या पुढच्या टोकाला, पट्टा फिरवणाऱ्या पुलीमागे, क्रँकशाफ्टचे, म्हणजे इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याचे, पुढचे सील असते. ते गळले की पुली तेल भोवताली उडवते आणि गोल पट्टा उमटतो, तीच त्याची खूण. 1983 ते 2014 या काळात विकल्या गेलेल्या मारुती 800 सारख्या जुन्या गाड्यांत झडपा रबरी टायमिंग बेल्टने चालतात. त्यावर तेल पडले तर बेल्ट अकाली फुगतो वा तुटतो, म्हणून सील बदलताना बेल्टही बदलावा. त्याच कंपनीच्या नंतरच्या के-मालिकेतील इंजिनांत साखळी आहे आणि तिचे कव्हर पॅकिंगऐवजी सिलिकॉनच्या पेस्टने चिकटवलेले असते. तिथली झिरप दुरुस्त करायला वेळ अधिक लागतो.

या पेस्टबद्दल दोन शब्द आवश्यक आहेत, कारण गॅरेजमध्ये तिच्यावर पॅकिंगपेक्षा अधिक भरवसा टाकला जातो. पेस्ट जिथे कारखान्यानेच वापरली आहे तिथेच, तेलाचा अंश नसलेल्या कोरड्या पृष्ठभागावर, सुमारे 3 मिलिमीटर जाडीच्या एकाच सलग धारेत लावावी आणि नळीवर लिहिलेला वाळण्याचा अवधी पाळूनच तेल भरावे. जास्त लावलेली पेस्ट बाहेर दिसते तितकीच आतही ओघळलेली असते. तिचे तुकडे सुटून पंपाच्या जाळीत अडकले तर तेलपुरवठा तुटतो आणि काही रुपयांची झिरप थांबवण्याच्या नादात इंजिन जाम होते. बाहेरून ओल्या सांध्यावर पेस्ट थापणे हा तर निव्वळ वेळकाढूपणा होय.

सर्वांत खर्चिक निदान क्रँकशाफ्टच्या मागच्या सीलाचे. ते इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मध्ये असल्याने गिअरबॉक्स उतरवल्याशिवाय तिथे हात पोचत नाही. सील स्वस्त, मजुरी भारी. या सांध्यातून तेल टपकत असल्याचे दिसले की सील गेल्याचा निर्वाळा दिला जातो, परंतु टॅपेट कव्हरच्या मागच्या कडेतून किंवा दाबाच्या स्विचमधून ओघळलेले तेलही याच सांध्याशी गोळा होते, आणि गिअरबॉक्सचे स्वतःचे सील गळले तरी थेंब इथेच पडतो. म्हणून वरचा भाग धुऊन, पावडर लावून, तिथे कोरडे असल्याची खात्री होईपर्यंत गिअरबॉक्सला हात लावू देऊ नये. थेंबाचा वास गंधकाचा आहे का, हेही पाहावे. निदान पक्के असूनही गळती थोडी असेल आणि क्लच घसरत नसेल, तर पुढे क्लच प्लेट बदलण्याची वेळ येईल तेव्हाच हे सील बदलणे शहाणपणाचे आहे. तोवर पातळी पाहत तेल भरत राहावे. उलट, क्लचचे काम निघालेच असेल तर सील न बदलता गिअरबॉक्स पुन्हा चढवणे ही पैशांची नासाडी आहे.

गळतीवर उतारा म्हणून दाट तेल भरण्याचा सल्ला वऱ्हाडात सर्रास दिला जातो. 5डब्ल्यू-30 मागणाऱ्या इंजिनात 20डब्ल्यू-40 भरले तर झिरप काही काळ मंदावते हे खरे, पण सकाळी इंजिन सुरू होताना ते दाट तेल वरच्या भागांपर्यंत उशिरा पोचते. रबर फुगवणारी गळतीरोधक औषधे कडक झालेले सील थोडे मऊ करतात. तुटलेल्या पॅकिंगला किंवा तुंबलेल्या नळीला त्यांचा काही उपयोग नाही. विकायला काढलेल्या जुन्या गाडीत ती बहुधा वापरली जातात, म्हणून जुनी गाडी घेणाऱ्याने नुकत्याच धुतलेल्या, लखलखीत इंजिनवर विशेष संशय धरावा आणि गाडी निदान तीस किलोमीटर चालवून मग बोनट उघडावे.

गॅरेजमध्ये काम देताना मालकाने तीन गोष्टी मागाव्यात : गळतीच्या मूळ जागेचे छायाचित्र, पीसीव्हीची नळी व झडप तपासल्याची खात्री, आणि काढलेले जुने भाग. प्रामाणिक मिस्त्रीला यात राग येण्यासारखे काही नाही. काम झाल्यावर त्याच दिवशी, मग आठवड्याने आणि नंतर महिन्याने पुठ्ठा व डिपस्टिक पाहावी; अकोल्यात ही शेवटची तपासणी हिवाळ्यातील पहाटे केलेली अधिक उपयोगी, कारण थंडीत आकसलेले कडक रबर जे गळते ते दुपारी गळत नाही.

दुरुस्तीत काढलेले तेल नालीत ओतू नये, ते शेवटी मोर्णा नदीत जाते. वापरलेले तेल 2016 च्या घातक कचरा व्यवस्थापन नियमांखाली येते. ते बंद डब्यात साठवून, अधिकृत पुनर्प्रक्रियेसाठी तेल गोळा करणाऱ्या सर्व्हिस सेंटरकडे द्यावे.